सराईच्या चौकातली बकुळ

हे मी आजवर कुणापाशी बोललेले नाही. आमच्या यांच्यापाशी नाही, लेकीपाशी नाही. रोज सकाळी इष्टलिंग तळहातावर घेऊन डोळे मिटते, तेव्हासुद्धा या गोष्टीपाशी आले की मी कडेकडेने निघून जाते. रस्त्यात नकोसं माणूस दिसलं की आपण पलीकडच्या बाजूने जातो ना, तसं. तुमच्याजवळ बोलायचं धाडस होतंय, कारण तुम्ही मला बघत नाही. समोर बसले असते तर माझ्या बोलण्याआधी तुम्हाला माझा वास आला असता. त्या वासाचं पुढे येईलच.

तर — कुठून सुरू करू? सराईपासून करते. ते सोपं आहे.

लातूरच्या जुन्या गावात, गोलाईच्या बाजारामागे आमची गल्ली. आमच्या घरासमोर निजामाच्या काळातली एक दगडी सराई होती. परगावचे व्यापारी मुक्कामाला उतरायचे, ती. चारी बाजूंनी कमानी, कमानींच्या आत खोल्या, भिंतीत घोडे बांधायच्या लोखंडी कड्या, आणि मधल्या चौकात एक आड. आडाशेजारी बकुळ. मुसलमान शेजारी तिला मौलसरी म्हणायचे, आम्ही बकुळ. दोन बायकांनी हात धरून वेढा घातला तरी बुंधा मावायचा नाही. आजूबाजूला मोबाइलची दुकानं, शिकवणीच्या वर्गांचे फलक, मुलांची वसतिगृहं, उन्हाळ्यात भाजून निघणारे पत्रे — आणि या सगळ्याच्या मधोमध तेवढीच एक हिरवी जागा. मे महिन्यात सराईच्या दारातून आत पाऊल टाकलं की अंगावरचं ऊन कुणी काढून घेतल्यासारखं वाटायचं.

घर आमचं दोन भावांचं. खाली एका अंगाला मसाल्याचं दुकान, दुसऱ्या अंगाला धाकट्या दिरांचं बिऱ्हाड, वर आमचं. आमचे हे थोरले, दुकान सांभाळतात. दीर बँकेत होते. त्यांची बायको महानंदा, म्हणजे नंदा. उदगीरची, बी.ए. झालेली. मी जळकोटची, दहावीपर्यंत. मी थोरली म्हणून ती मला अक्का म्हणते, आणि तिचं ऐकून सगळी गल्लीच म्हणते.

आता तो वास. आमच्या दुकानाचं नाव हिंगासाठी. कच्चा हिंग आणायचा, डिंक आणि पीठ घालून कुटायचा, खडे बांधायचे — हे काम घरातल्या थोरल्या सुनेचं. सासूबाईंनी केलं, मग माझ्याकडे आलं. लग्न होऊन आले त्या वर्षीपासून माझ्या हातांना हिंगाचा वास आहे. तो जात नाही हो. डाळीचं पीठ लावा, चिंच लावा, लिंबू चोळा — तेवढ्यापुरता हटतो. माझ्या पातळांना, उशीच्या अभ्र्याला, केसांनासुद्धा. लेकीच्या लग्नात ओटी भरताना विहीणबाईंनी नाकाला पदर लावला होता. मी ते पाहिलं, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

आणि नंदाच्या केसांना कशाचा वास? बकुळीचा.

इथेच सांगून टाकते. मला तिचा हेवा वाटायचा. हेवा हा जरा सभ्य शब्द झाला — मी जळायचे. ती शिकलेली म्हणून जळायचे, तिचे हात स्वच्छ म्हणून जळायचे, सासऱ्यांनी शेवटच्या दुखण्यात मला नाही, तिला हाक मारली म्हणून जळायचे. खरं तर तेव्हा मी शेजारीच उभी होते, हाक मारायची गरजच नव्हती. पण जळणाऱ्याला एवढा हिशोब कुठे असतो?

आधी त्या सराईकडे कोण बघत होतं? सगळ्या गल्लीचा कचरा तिथे. शेळ्या तिथे, पत्ते खेळणारे तिथे. नंदानेच ते मनावर घेतलं. दिरांची नोकरी संपली, मुलं पुण्याला गेली, आणि ही बाई एके सकाळी खराटा घेऊन सराईत शिरली. आम्ही हसलो. मी तर जास्तच हसले. पण महिन्याभरात चौक दिसायला लागला. आडावर जाळी बसली. बकुळीच्या बुंध्याला गेरू आणि वर चुन्याचा पट्टा आला. कमानींच्या सावलीत तिने मोगरा लावला, जास्वंद लावली, बसायला दगड मांडले. संध्याकाळी गल्लीतल्या बायका तिथे जमायला लागल्या. शिकवणीची पोरं पुस्तकं घेऊन येऊन बसायची. माझे हेसुद्धा दुकानातून उठून तिथे हवा खायला जायचे. मला ते सांगायचे, चल की. मी म्हणायचे, खडे बांधायचे राहिलेत.

मग पाहुणे येऊ लागले. जुन्या इमारती बघत हिंडणारी माणसं असतात — पुण्याची, औरंगाबादची, गळ्यात कॅमेरे. नंदा त्यांना सराई दाखवायची. त्यांच्यापुढे तिची भाषाही बदलायची, रेडिओवरच्यासारखी व्हायची. ती सांगायची की आडाच्या कठड्यावर या ज्या खाचा आहेत त्या दोर घासून घासून पडल्या आहेत. ती सांगायची की या तिसऱ्या कमानीखाली काबूलकडचे हिंगवाले उतरायचे, आणि त्यांच्यातल्याच एकाकडून आमच्या आजेसासऱ्यांनी पहिला माल घेतला.

या गोष्टी कुणाच्या होत्या, सांगू? माझ्या होत्या. हिंग कुटताना सासरे माझ्यासमोर बसून बोलायचे, तेव्हा त्यांनी मला सांगितलेल्या. आणि मीच कधीतरी डाळ निवडताना त्या नंदाला सांगितल्या. मी वर गॅलरीत कपडे वाळत घालायचे आणि खालून माझ्या गोष्टी दुसऱ्याच्या तोंडून ऐकायचे. त्या तिच्या तोंडी जास्त छान वाटायच्या, हे तर फारच वाईट होतं.

सासऱ्यांची आणखी एक गोष्ट होती, ती मात्र मी तिला कधी सांगितली नव्हती. खेड्यातून काही गिऱ्हाइकं यायची आणि दबक्या आवाजात कच्चा हिंग मागायची. भाजीसाठी नको असायचा, झाडासाठी हवा असायचा. बांधावरचं झाड भावकीला नको असलं किंवा पिकावर सावली पडत असली की त्याच्या बुंध्याला गिरमिटाने भोक पाडतात, आत हिंग भरतात आणि वरून शेणमातीचा बोळा लावतात. झाड उभ्या उभ्या वाळून जातं आणि कुणावर आळ येत नाही. सासरे अशा गिऱ्हाइकाला दुकानाच्या पायरीवरून खाली उतरवायचे. म्हणायचे, "मी स्वयंपाकाचा हिंग विकतो, जा." मला ते फार आवडायचं. असा सासरा मिळाला म्हणून मी माहेरी मिरवलेही होते.

तुम्हाला आता कळलं असेल मी कुठे चालले आहे. तरी थांबा. अजून दुष्काळाचं सांगायचं आहे. ते सांगितल्याशिवाय पुढचं सांगितलं तर — नाही, सांगितल्यावर मी आणखी वाईट दिसेन. दिसू दे.

रेल्वेनं पाणी आलं ते वर्ष. लातूरच्या माणसाला अजून स्वप्नात टँकर दिसतो. तोंड धुतलेलं पाणी फरशीला, फरशीचं संडासला — असा तो उन्हाळा. बकुळीची पानं गळाली. नंदा भांडी विसळलेलं पाणी साठवून सराईत न्यायची. मी तिला सगळ्यांदेखत बोलले होते — माणसांचे घसे सुकलेत आणि बाईसाहेबांना झाडाची पडलीय. बोलले खरी. पण एका दुपारी गॅलरीतून त्या उघड्या फांद्या बघितल्या आणि मला राहवलं नाही. तेव्हापासून मी अंगावर पाणी घेताना परातीत बसायचे. ते पाणी बादलीत भरायचे, आणि दुपारी गल्ली झोपलेली असताना जिना उतरून बकुळीला घालून यायचे. चोरून, कारण मीच बोलून बसले होते ना. आता कोणत्या तोंडाने दिसायचं? यांनाही कळू दिलं नाही. उन्हात पाय भाजायचे, बादलीतलं पाणी हिंदकळलं की जीव हळहळायचा. पाऊस येईपर्यंत मी ते पाणी घातलं. आणि बकुळ जगली.

बकुळ जगली तेव्हा पेपरात फोटो आला. नंदाचा. बकुळीला हात लावून उभी. खाली लिहिलं होतं की टंचाईतही या गृहिणीने झाड जगवलं. पेपर मी दुकानात वाचला. मग त्याच पेपरात हिंगाची पुडी बांधून गिऱ्हाइकाला दिली.

तुम्ही म्हणाल, चोरून घातलेल्या पाण्याचं नाव कसं होणार? बरोबर आहे. मी स्वतःलाही हेच म्हणायचे. पण ते मनात खाली कुठेतरी जाऊन बसलं आणि वर्षावर वर्षं जात राहिली तरी हललं नाही.

सराईचा एक जुना ट्रस्ट होता. त्यांना सराई पाडून तिथे दुकानांची इमारत बांधायची होती. दगड पडायला झालाय, वगैरे. ते कधीमधी येऊन मापं घ्यायचे, आणि गल्ली त्यांना वाटेला लावायची. त्यांच्यातला एकजण एकदा आमच्या दुकानात चहा पीत यांना म्हणाला, कमानींसाठी कोण रडतंय हो? लोक त्या झाडासाठी उभे राहतात. झाड नसतं तर कधीच काम झालं असतं. मी आत खडे बांधत होते. ऐकलं. त्या वेळी मनात काहीच आलं नाही — हे अगदी खरं सांगते. नुसतं ऐकून ठेवलं.

मग नंदाचा सत्कार झाला. सराईतच, बकुळीखाली. शाल, नारळ, फेटा बांधलेले पाहुणे. मला मागच्या रांगेत जागा होती आणि चहाचं बघायला सांगितलं होतं. मी ट्रे घेऊन पुढे गेले, तर नंदाने माइकसमोरच माझा हात धरून मला ओढलं. म्हणाली, "या आमच्या अक्का. अक्का यायच्या आधी त्यांचा हिंग येतो!" सगळे खो खो हसले. पाहुणे हसले, गल्ली हसली, माझे हे हसले. मीही हसले. ती पुढेही काहीतरी म्हणत होती, माझ्याबद्दलच. पण मला ऐकू आलं नाही. हसण्याचा आवाज होता, माइक खरखरत होता, आणि माझ्या कानांत तर दुसरंच काहीतरी होतं. ट्रेमधल्या कपांवर माझी बोटं होती. एका बाईने माझ्याकडून कप घेतला, ओठांना न लावता दगडावर ठेवून दिला. मी उरलेले कप तसेच घेऊन आत गेले.

उन्हाळाच होता. त्यानंतर कधीतरी, दुपारी. गल्ली झोपलेली. हे खाली दुकानात पेंगत होते. नंदा माहेरी उदगीरला गेली होती. माळ्यावर सासऱ्यांच्या अवजारांची पेटी आहे, तिच्यातून मी गिरमिट काढलं. दुकानातल्या डब्यातून कच्चा हिंग घेतला — स्वच्छ, पीठ न मिसळलेला, उंची माल. तोच जिना उतरले. तोच रस्ता ओलांडला. पाय तसेच भाजले. पाण्याची बादली घेऊन जायचे तेव्हा जिथे उभी राहायचे तिथेच उभी राहिले, आडाच्या बाजूला, जिथे दारातून कुणाला दिसत नाही.

बकुळीचं लाकूड कठीण असतं. मला वाटलं होतं त्यापेक्षा फार वेळ लागला. घाम डोळ्यांत जात होता. मध्ये थांबून परत जाता आलं असतं, नाही? कितीदा तरी थांबले. हातावर फोड आला म्हणून थांबले, मनाने थांबले नाही. भोक खोल गेलं तेव्हा हिंग भरला. वरून शेणमाती. हात झाडाच्या सालीला पुसले.

आणि हेही ऐका. मला पुढे कितीदा वाटलं की मनाला सांगावं — झाड मारायचं नव्हतं, जरा कोमेजावं, तिचा तोरा उतरावा, एवढंच होतं. खोटं आहे. हिंग कशासाठी भरतात ते मला ठाऊक होतं. ट्रस्टवाल्याचं बोलणं तेव्हा मला आठवत होतं. सराई गेली तर नंदाकडे पाहुणे कशाला येतील, हे मी गिरमिट फिरवता फिरवताच मनात म्हटलं होतं.

नंदा उदगीरहून आली आणि पावसाच्या आधी बुंध्याला गेरू द्यायला बसली. मला खाली बोलावलं. नाही कसं म्हणणार, गेले. तिने तो बोळा बोटाने दाबला.

"अक्का, बगा की, हितं कीड लागल्यावानी दिसूलालंय."

मग मी म्हणाले — काय म्हणाले? म्हणाले, "किडीचं काय न्हाई, जुनं झाड हाय. लाव गेरू, झाकून जातंय."

तिने गेरू लावला. नीट, दोनदा हात फिरवून. वर चुन्याचा पट्टा. मग माझ्याकडे बघून हसली.

"आता तुम्ही नसलाव तरी ह्या झाडापाशी तुमचाच वास येतंय मला. लई बरं वाटतंय बगा."

ती मस्करी नव्हती. तिला खरंच वास येत होता. आणि तिला त्या वासाने बरं वाटत होतं.

पुढच्या उन्हाळ्यापर्यंत बकुळ शेंड्याकडून वाळत आली. आधी एक फांदी. मग एक बाजू. नंदाने काय काय केलं! निंबोळीची पेंड घातली, शेणखत घातलं, आळं मोठं केलं, सकाळ-संध्याकाळ पाणी ओतलं. आता नळाला पाणी येत होतं, हात राखायचं कारण नव्हतं. गल्लीतली माणसं येता-जाता अक्कल शिकवायची — जास्त पाणी घालू नका वहिनी, मुळं कुजतात. ती घाबरून पाणी बंद करायची. मग पान गळलं की पुन्हा ओतायची. मी वरून बघायचे. तुम्हाला वाटेल, मला तेव्हा तरी आनंद झाला असेल. झाला. थोडे दिवस झाला. हेही लपवत नाही.

बकुळ पूर्ण वाळली त्या दिवसांत एकदा मी खाली गेले. नंदा आडाच्या कठड्यावर बसली होती. रडून रडून तोंड सुजलेलं. मी शेजारी बसले, कारण न बसणं वाईट दिसलं असतं.

"मला पानी घालायचीबी अक्कल न्हवती अक्का," ती म्हणाली. "दुष्काळात तुमच्या पान्यानं जगलं. माझ्या पान्यानं मेलं."

मी म्हणाले, माझ्या कुठल्या पाण्याने?

मग तिने सांगितलं. त्या उन्हाळ्यात ती रोज दुपारी खिडकीच्या फटीतून मला बादली घेऊन जाताना बघायची. बोलली नाही, कारण अक्काला कुणी बघितलेलं आवडणार नाही, हे तिला कळत होतं. पेपरवाल्याला तिने आधी माझंच नाव सांगितलं होतं. त्याने ते छापलं नाही. म्हणून सत्काराच्या दिवशी तिने मला माइकपुढे ओढलं — सगळ्यांसमोर सांगायला, की झाड जगवलं ते या अक्कांनी. आधी जरा हसवावं आणि मग सांगावं, असं तिच्या मनात होतं. "सांगितलं की मी. तुम्ही टरे घेऊन आत गेलताव. ऐकलं न्हाई व्हय?"

तुम्ही थांबा म्हणाल — इथे तरी. इथे तरी मी बोलायला हवं होतं. तिचं तोंड माझ्याकडे होतं. तिचा हात माझ्या हातात होता, याच हातात. दोन शब्द होते फक्त. त्या दोन शब्दांनी तिच्या डोक्यावरचं ओझं उतरलं असतं आणि माझ्या डोक्यावर आलं असतं, जिथे ते असायला हवं.

मी म्हणाले, "जास्तच झालं असंल गं पानी."

हाच माझा गुन्हा. हिंगाचा तर आहेच, तो मी जळून केला, डोक्यात राख घालून केला. पण हे मी थंड डोक्याने केलं. मला सगळं कळलेलं असताना केलं. तिने मान हलवली, डोळे पुसले, आणि ते तिने कायमचं खरं मानलं.

ट्रस्टने वाट बघितली नाही. वाळलेली फांदी कुणाच्या डोक्यात पडली तर जबाबदार कोण, असं त्यांनी विचारलं. झाड तोडलं. सावली गेल्यावर चौकात बसणारं कोण राहिलं? नंदा तर दाराशीही जायची नाही. थोड्याच दिवसांत सराईच्या तीन बाजू गेल्या. आमच्या समोरच्या बाजूच्या दोन कमानी तेवढ्या राहिल्या, आता त्यांच्याखालून मोटारसायकली आत जातात. आड बुजवला. सगळीकडे सिमेंटचे ठोकळे. दुपारी तिकडून आमच्या गॅलरीत झळ येते. घोडे बांधायची एक कडी अजून भिंतीत आहे. तिला वॉचमन छत्री अडकवतो.

माझा एक भाचा चाकूरला असतो, शेतकी शिकलेला. त्याला मी एकदा आडून विचारलं होतं. तो म्हणाला, मावशी, हिंगानं कुठं एवढं मोठं झाड मरतंय? त्या वर्षी तुमच्या गल्लीत गटारासाठी चर खणला होता, त्यात मुळं तुटली असतील. त्याचं बोलणं ऐकून मला क्षणभर किती हलकं वाटलं! आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःची किळस आली. समजा, चरामुळे मेलं. समजा, पाण्याने मेलं. मी जे भरलं ते मारायलाच भरलं होतं ना? आणि नंदाला जे सांगितलं ते तर चराने सांगितलं नव्हतं.

नंदाने त्यानंतर काही लावलं नाही. खाली तिच्या ओट्यावर कुंड्यांची रांग असायची, ती सगळी वाटून टाकली. कढीपत्त्याचं रोप कुणी दिलं तरी हात मागे घेते. म्हणते, "नको बाई, माझा हात लागला की वाळतंय." एरवी बोलते, हसते, सणाला पुरण घालते. तुम्हाला कळायचंही नाही. पण माती दिसली की तिचे हात पदरात जातात. मी बघते. मी रोज बघते.

या पावसाळ्यात त्या दोन कमानींपैकी एकीच्या सांध्यात काहीतरी उगवलं. वॉचमन उपटून टाकणार होता. नंदाने लांबूनच ओळखलं. तिने स्वतः हात लावला नाही. वॉचमनकडून मातीसकट काढून घेतलं, डालडाच्या जुन्या डब्यात ठेवायला लावलं, आणि तो डबा त्याच्याच हाती देऊन त्याला आमच्या जिन्यावर पाठवलं. मागून स्वतः आली, दाराबाहेर उभी राहिली.

"बकुळ हाय अक्का. तुम्हीच लावा. तुमचा हात गुणाचा हाय."

मी लावलं. गॅलरीत, सकाळचं ऊन येतं तिथे. पाणी बेताने घालते. काल त्याला नवं पान आलं, तांबूस, नखाएवढं. नंदा खाली ओट्यावर तांदूळ निवडत होती. तिने मान वर केली, तिला दिसलं, आणि ती उठून गल्लीच्या मधोमध जाऊन उभी राहिली. येणाऱ्या-जाणाऱ्याला थांबवून वर बोट दाखवून मोठ्याने सांगू लागली — बगा, बगा की, आमच्या अक्काच्या हाताचा गुण! माणसं वर बघू लागली. कुणीतरी टाळ्या वाजवल्या. माझे हेसुद्धा दुकानातून बाहेर आले.

मी कठड्याला धरून उभी होते. सगळे माझ्याकडे बघत होते, आणि मी त्यांच्याकडे बघून हसले.